एकच संघ, दोन देश: खेळाडूंना कुणी विचारलं?

काटकोनी_बॅट

टेबल टेनिस हा माझा विषय, राजकारण नव्हे. पण या खेळाचा इतिहास चाळायला घेतला की दर चार पानांनी राजकारण आडवं येतंच, म्हणून हा धागा.

१९९१, जपानमधलं चिबा. जागतिक स्पर्धेत उत्तर आणि दक्षिण कोरिया फाळणीनंतर पहिल्यांदाच एक संघ म्हणून उतरले. पांढऱ्या झेंड्यावर निळ्या रंगात अख्खं द्वीपकल्प, राष्ट्रगीताच्या जागी 'आरिरांग' हे लोकगीत. महिलांचं सांघिक विजेतेपद त्याआधी चीनने ओळीने आठ वेळा नेलं होतं. दक्षिणेची ह्युन जुंग-ह्वा आणि उत्तरेची ली बुन-हुई यांच्या जोरावर या संघाने अंतिम फेरीत चीनलाच लोळवलं. पुढच्या जागतिक स्पर्धेला पुन्हा दोन संघ, दोन झेंडे.

आता २०१८ घ्या. प्याँगचांगचं हिवाळी ऑलिंपिक. दक्षिणेच्या महिला आइस हॉकी संघात २३ जणी होत्या, त्यात उत्तरेच्या १२ जणी ऐन वेळी आणून बसवल्या. दर सामन्यात उत्तरेच्या किमान तिघी खेळवायच्याच, अशी अट. स्वित्झर्लंडकडून ०-८, स्वीडनकडून ०-८. पाचही सामने हरले. जगभरच्या वर्तमानपत्रांत मात्र फोटो झळकले ते गळ्यात गळे घातलेले.

तर माझा प्रश्न असा: दुभंगलेल्या देशांनी एकत्र खेळावं हा निर्णय खेळाडूंच्या भल्याचा असतो, की नेत्यांच्या फोटोसाठी? आणि खेळू नये हा निर्णय तरी कुणाच्या भल्याचा? भारत-पाक चालेल, पण फक्त भारत-पाक नको, ही विनंती.

अर्धवटराव

पहिला! तिसऱ्या प्रतिसादात धागा वानखेडेवर जाणार. पैज एक वडापाव.

नॉनस्ट्रायकर

तिसरा कशाला, दुसऱ्यातच नेतो.

२०२५ मध्ये दुबईत आशिया चषकात आपण पाकिस्तानशी तीनदा खेळलो. नाणेफेकीला हस्तांदोलन नाही, सामना संपल्यावर नाही. अंतिम सामना जिंकलो आणि पाकिस्तानी मंडळाचे प्रमुख मोहसिन नक्वींच्या हातून चषक घेतला नाही. पुढच्याच आठवड्यात कोलंबोत महिला विश्वचषकातही तोच प्रकार. खेळायचं, प्रक्षेपणाचे पैसे घ्यायचे, पण हात मिळवायचा नाही! एक तर खेळू नका, नाहीतर धड खेळा. पहलगामनंतर 'नाही खेळत' म्हणून सरळ सांगितलं असतं तर मी पहिली टाळी वाजवली असती.

काटकोनी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: दोन्ही निर्णय नेत्यांचेच. खेळाडूला कुणी विचारत नाही.

गिरगावकर_काका

अरे नॉनस्ट्रायकर, तू जन्मला नसशील तेव्हाची गोष्ट सांगतो. जानेवारी १९८२, हॉकीचा विश्वचषक आपल्या मुंबईत, चर्चगेटच्या मैदानावर. मी नुकता नोकरीला लागलेला, फोर्टातलं ऑफिस सुटलं की चालत जायचो. विश्वचषक कोणी जिंकला? पाकिस्तानने. अंतिम सामन्यात पश्चिम जर्मनीला ३-१. म्हणजे बघ, एक दुभंगलेला देश दुसऱ्या दुभंगलेल्या देशाला तिसऱ्याच्या, म्हणजे आपल्या, अंगणात हरवतोय.

हसन सरदार नावाचा त्यांचा सेंटर फॉरवर्ड. चेंडू जणू स्टिकला चिकटवलेला. उजवीकडे खांदा टाकायचा, बचावपटू तिकडे झुकला की हा डावीकडून पसार. माझ्या शेजारी लालबागचे एक गिरणी कामगार बसले होते. संपाचे दिवस तोंडावर आलेले, खिशात दमडी नसेल. पण दर चालीला त्यांच्या तोंडून 'अरे वा रे वा' निघत होतं. हसन सरदारला कोणी पाहुणा म्हणून टाळ्या देत नव्हतं. बरं खेळला म्हणून देत होते.

त्याच वर्षी डिसेंबरात दिल्लीच्या एशियाडमध्ये त्यांनी आपल्याला ७-१ ने धुतलं. तेव्हा मात्र माझ्या तोंडून वा निघालं नाही, हेही सांगून टाकतो.

अर्धवटराव

काका, हॉकीवर गेलात म्हणून पैज तांत्रिकदृष्ट्या अनिर्णित. वानखेडे अजून आलेलं नाही.

दिवेचा_पॅव्हेलियन

मी आणतो.

ऑक्टोबर १९९१. पाकिस्तानचा संघ येणार होता. शिवसैनिकांनी वानखेडेची खेळपट्टी खणून काढली आणि दौराच रद्द झाला. योगायोग बघा, ज्या वर्षी चिबात दोन कोरिया एका टेबलाशी उभे राहिले, त्याच वर्षी आमच्याकडे कुदळी चालल्या. मी तेव्हा आझाद मैदानावर क्लब क्रिकेट खेळायचो. आमचे माळी खेळपट्टीला इतके जपायचे की बूट घालून कोणी कडेने गेलं तरी शिव्या. त्यांना बातमी कळली तेव्हा ते राजकारणावर अवाक्षर बोलले नाहीत. "माती बसायला किती महिने लागतात माहितीये का त्यांना?" एवढंच.

पुढचा हिशोब: २०१३ चा महिला विश्वचषक मुंबईत होता, पण विरोधामुळे पाकिस्तानचे सामने कटकला हलवले. त्या मुलींना तिथे हॉटेलही मिळालं नाही, बाराबती स्टेडियमच्याच आवारात राहिल्या. २०१५ मध्ये दोन्ही मंडळांच्या प्रमुखांची बैठक होणार होती, तर आंदोलक थेट क्रिकेट मंडळाच्या मुख्यालयात घुसले. आणि २०२३ च्या विश्वचषकात आधीच लिहून ठेवलं होतं की पाकिस्तान उपांत्य फेरीत आला तर त्याचा सामना वानखेडेवर नाही, कोलकात्याला.

म्हणजे सरकारचं धोरण दिल्लीत काहीही असो, मुंबईचं धोरण वेगळंच असतं. हे चांगलं की वाईट ते तुम्ही ठरवा. मला ते मैदान रिकामं बघायला आवडत नाही, एवढंच.

ठाणे_जंक्शन

दिवेचा, रिकामं मैदान बघायला मलाही आवडत नाही. पण २६/११ च्या रात्री माझा मोठा भाऊ व्हीटीला ड्युटीवर होता. तो घरी आला, म्हणून मी आज इथे टाइप करू शकतोय. त्याच्याबरोबरचे सगळे आले नाहीत. त्यानंतर आयपीएलमध्ये पाकिस्तानी खेळाडू दिसले नाहीत, त्याचं मला तरी काडीचं वाईट वाटलं नाही. पहिल्या हंगामात सोहेल तन्वीरने सर्वाधिक बळी घेतले होते, मीच टाळ्या वाजवल्या होत्या. तरीही.

कोरियातल्या लोकांचं काय, जर्मनीतल्या लोकांचं काय, ते त्यांनी बघावं. खेळ खेळाच्या जागी हे वाक्य मुंबईत बसून मला कोणी ऐकवू नये.

सुलक्षणा_डोंबिवली

ठाणे_जंक्शन, तुमच्या वाक्यावर वाद घालायची माझी इच्छाही नाही आणि अधिकारही नाही.

फक्त एक. कोरियनांना हे माहीतच नाही असं मात्र नाही. नोव्हेंबर १९८७ मध्ये, सोल ऑलिंपिकच्या आदल्या वर्षी, दक्षिण कोरियाचं विमान उत्तरेच्या हेरांनी बाँबने उडवलं. ११५ माणसं गेली. उत्तरेने सोल ऑलिंपिकवर बहिष्कारही घातला. आणि त्यानंतर चार वर्षांच्या आत चिबाचा संघ झाला. ज्यांच्या घरचं कोणी त्या विमानात होतं, त्यांना तेव्हा काय वाटलं असेल? धागाकर्त्यांनी विचारलेल्या 'खेळाडूंना विचारलं का' मध्ये हाही प्रश्न घालायला हवा.

आता माझा आवडता विषय, जर्मनी. मॅक्समुलर भवनात भाषा शिकताना आमच्या बाईंनी याचं वेड लावलं. १९५६, १९६० आणि १९६४ या तीन ऑलिंपिकमध्ये पूर्व आणि पश्चिम जर्मनीचा एकच संघ होता. झेंड्याचा घोळ झाला, कारण पूर्वेने झेंड्यावर हातोडा-कंपास घातला होता. मग १९६० पासून काळा-लाल-सोनेरी पट्ट्यांवर पांढऱ्या ऑलिंपिक रिंगा, आणि सुवर्ण मिळालं की बेथोवनची नववी सिंफनी. वरवर किती गोड! आत काय चाललं होतं? संघ एक, म्हणून जागा एकच. पूर्व विरुद्ध पश्चिम अशा निवड चाचण्या व्हायच्या आणि त्या ऑलिंपिकपेक्षा कडवट असायच्या. ज्या बाजूचे खेळाडू जास्त, त्या बाजूचा पथकप्रमुख. १९६१ मध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली, तरी १९६४ चा संघ एकच, आणि त्या वेळी पथकप्रमुखपद पूर्वेने पटकावलं. थोडक्यात, एकत्र संघ ही मैत्री नव्हती, एकमेकांवर कुरघोडी करायचं आणखी एक मैदान होतं.

१९६८ पासून वेगळे संघ, १९७२ ला म्युनिकमध्ये पूर्व जर्मनी आपल्या झेंड्यासह पश्चिमेच्याच भूमीवर. आणि वेगळे झाल्यावर पूर्वेने जे केलं ते तर भयंकर. पदकांसाठी कोवळ्या मुलींना उत्तेजकांच्या गोळ्या. सरकारी योजनाच होती ती.

अर्धवटराव

आणि १९७४ विसरलात सुलक्षणाताई! फुटबॉल विश्वचषक, हँबुर्ग, २२ जून. पूर्व १, पश्चिम ०. युर्गेन स्पारवासरचा गोल. दोन्ही जर्मनी विश्वचषकात समोरासमोर आल्या त्या एकदाच, आणि जिंकले गरीब भाऊ. पश्चिमवाल्यांनी मग विश्वचषक जिंकून हिशोब पुरा केला. गंमत पुढे आहे, १९८८ मध्ये खुद्द स्पारवासरच पश्चिमेला पळून गेला.

नॉनस्ट्रायकर

म्हणजे व्यवस्थेसाठी गोल मारला आणि व्यवस्थेलाच चकवा दिला. हाच खरा फॉरवर्ड.

फ्लेक्सवाली

मी खेळातली नाही, छपाईतली आहे. लोअर परळला आमचं छोटं युनिट आहे. बॅडमिंटनच्या एका आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं काम आलं होतं, झेंडे, पाट्या, स्टँडी सगळं. आयोजकांकडून आलेल्या यादीत एका देशाचं नाव 'तैवान' आणि फाइलमध्ये लाल झेंडा, कोपऱ्यात निळ्या चौकोनात पांढरा सूर्य. आम्ही तेच छापलं. आदल्या संध्याकाळी स्पर्धेचे एक अधिकारी आले, बघितलं आणि घामच फुटला बिचाऱ्यांना. 'चायनीज तैपेई' लिहा, आणि झेंडा वेगळा. पांढऱ्या कापडावर पाच पाकळ्यांचं फूल, त्यात तो सूर्य आणि खाली ऑलिंपिकच्या पाच रिंगा. रात्रभर मशीन चालू. पाकळ्यांना लाल, पांढरी, निळी अशी तिहेरी कड आहे, ती लहान झेंड्यावर सारखी फाटत होती. पहाटे शेवटचा झेंडा वाळत घातला तेव्हा मी कारागिरांना म्हटलं, हे फूल ज्याने काढलं त्याला समोर आणा.

दुसऱ्या दिवशी स्टेडियमवर मुद्दाम गेले. तैपेईचा एक पोरगा खेळत होता. त्याच्या शर्टाच्या पाठीवर तेच नाव, आमचंच छापलेलं वाटावं असं. त्याला काय वाटत असेल कोण जाणे.

सुलक्षणा_डोंबिवली

फ्लेक्सवाली, तुमचा प्रतिसाद आतापर्यंत सगळ्यात भारी!

हे फूल वाटाघाटीतून उगवलंय. १९७६ ला मॉन्ट्रियलमध्ये कॅनडाने 'रिपब्लिक ऑफ चायना' या नावाने खेळू द्यायला नकार दिला, तेव्हा तैवानने माघार घेतली. त्याआधी १९६० ला रोममध्ये 'फॉर्मोसा' नावाने संचलन करावं लागलं, तर त्यांच्या पथकाने 'निषेधासह' अशी पाटीच धरली होती. त्याच स्पर्धेत यांग चुआन-क्वांगने डेकॅथलॉनमध्ये रौप्य जिंकलं. शेवटी १९८१ च्या लोझान कराराने 'चायनीज तैपेई' हे नाव आणि तो झेंडा ठरला. सुवर्ण मिळालं की राष्ट्रगीत नाही, ध्वजगीत.

२०१८ मध्ये तैवानमध्येच सार्वमत झालं, 'तैवान' नावाने टोकियोला जायचं का म्हणून. लोकांनी नाही म्हटलं. त्यांच्याच खेळाडूंना भीती होती की नाव बदललं तर खेळायलाच मिळणार नाही. तरी टोकियोत आणि पॅरिसमध्ये, दोन्ही वेळा, बॅडमिंटनच्या पुरुष दुहेरीच्या अंतिम सामन्यात ली यांग आणि वांग ची-लिन यांनी चीनच्या जोडीला हरवून सुवर्ण नेलं.

काटकोनी_बॅट

इथे मी थोडा हस्तक्षेप करतो, कारण मला वाटतं हाच मुद्दा आहे. तैवानच्या खेळाडूने झेंडा गमावला पण स्पर्धा राखली. प्याँगचांगच्या मुलीने उलट केलं, किंवा तिच्याकडून करवून घेतलं. झेंडा जोडला, बर्फावरची मिनिटं गमावली.

रेंजवरची_आई

माझी मुलगी नेमबाजी करते, एअर पिस्तूल. म्हणून दिल्लीतला फेब्रुवारी २०१९ चा विश्वचषक मला पक्का आठवतो. पुलवामाचा हल्ला नुकताच झाला होता. पाकिस्तानच्या नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. ठाणे_जंक्शन, तुमच्यासारखंच तेव्हा मलाही वाटलं होतं की बरोबर केलं.

पण मग आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने काय केलं? २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूलच्या ऑलिंपिक कोट्याच्या जागा त्या स्पर्धेतून काढून घेतल्या. शिवाय भारतात पुढच्या स्पर्धा घेण्याबाबतची सगळी बोलणी थांबवली. त्या प्रकारात खेळणाऱ्या आपल्या आणि बाहेरून आलेल्या पोरांनी वर्षभर तयारी केली ती कशासाठी? जूनमध्ये सरकारने लेखी हमी दिली, तेव्हा बंदी उठली.

तेव्हापासून मी हे लक्ष देऊन बघते. ऑगस्ट २०२५ मध्ये क्रीडा मंत्रालयाने जे धोरण जाहीर केलं त्याचा सरळ अर्थ असा: पाकिस्तानशी दोघांतली मालिका नाही, ते इथे येणार नाहीत, आपण तिथे जाणार नाही, पण अनेक देशांच्या स्पर्धेत खेळू. हे तत्त्व-बित्त्व नाही हो. आपल्याला २०३६ चं ऑलिंपिक हवंय आणि यजमानाने प्रत्येक पात्र खेळाडूला प्रवेश द्यावा, हा ऑलिंपिकवाल्यांचा नियम आहे. ऑक्टोबर २०२३ ला त्यांचं अधिवेशन इथेच बीकेसीत झालं, तिथेच पंतप्रधानांनी २०३६ ची इच्छा बोलून दाखवली आणि तिथेच क्रिकेटला लॉस एंजेलिसचं तिकीट मिळालं. नॉनस्ट्रायकरना दुबईतला जो दुटप्पीपणा दिसला, त्याचं मूळ इथे आहे.

बीकेसी_ट्रॅफिक

त्या अधिवेशनाच्या आठवड्यात कलानगर ते कुर्ला जो वेळ लागला त्यात एक ऑलिंपिक झालं असतं. बाकी चालू द्या.

नॉनस्ट्रायकर

रेंजवरची_आई, पटलं. तरी प्रश्न उरतो. नियमासाठी खेळायचं तर हात मिळवायला नियमाची आडकाठी होती का? मलेशियात ऑक्टोबर २०२५ मध्येच आपल्या ज्युनिअर हॉकीच्या पोरांनी पाकिस्तानी पोरांच्या हातावर टाळ्या दिल्या की! ३-३ बरोबरी, सामना झकास झाला, कोणाचं आकाश कोसळलं नाही.

ठाणे_जंक्शन

हॉकीला कॅमेरे कमी, म्हणून जमलं. क्रिकेटच्या पोरांनी हात मिळवला असता तर रात्री टीव्हीवर त्यांच्या आईबापांची उलटतपासणी झाली असती. नीरज चोप्राचं काय झालं विसरलात? स्वतःच्या नावाच्या बंगळुरूच्या स्पर्धेसाठी त्याने पाकिस्तानच्या भालाफेकपटू अर्शद नदीमला बोलावणं धाडलं होतं, पहलगामच्या आधी. नंतर लोकांनी त्याच्या आईलाही सोडलं नाही. ती बाई पॅरिसनंतर फक्त एवढंच म्हणाली होती की तोही आपल्याच मुलासारखा. मी पाकिस्तानशी खेळण्याच्या विरोधात आहे, पण ऑलिंपिक सुवर्णपदक आणून देणाऱ्या पोराला देशभक्ती सिद्ध करायला लावणं मला लाजिरवाणं वाटलं. विरोध करायचा तर मंडळाला करा. निर्णय घेणाऱ्याला धरा.

गिरगावकर_काका

ठाणे, शंभर टक्के.

जाता जाता एक जुनी गोष्ट. मरीन ड्राइव्हवर हिंदू जिमखाना, इस्लाम जिमखाना, पारसी जिमखाना ओळीने उभे आहेत ते काय उगाच? ब्रेबॉर्नवर पंचरंगी सामने व्हायचे, हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'द रेस्ट'. आपले विजय हजारे ख्रिश्चन, म्हणून 'रेस्ट'कडून. हिंदूंविरुद्ध एका डावात संघाच्या ३८७ पैकी ३०९ एकट्याने! गांधीजींचा या धर्मवार संघांना विरोध होता, १९४६ नंतर ती स्पर्धा बंदच झाली.

आणि अब्दुल हफीझ कारदार. १९४६ ला इंग्लंडमध्ये भारताकडून तीन कसोट्या खेळला. १९५२ ला तोच माणूस पाकिस्तानचा कप्तान म्हणून दिल्लीत नाणेफेकीला आला. त्या मालिकेतली मुंबईची कसोटी आपण दहा गडी राखून जिंकली, हजारे नाबाद १४६. मला सांगा, कारदारला कोणी विचारलं होतं?

दिवेचा_पॅव्हेलियन

काका, कारदारने स्वतः निवडलं असं म्हणता येईल. फाळणी त्याने निवडली नाही, संघ निवडला.

अंधेरीचा_एचआर

बराच वेळ वाचतोय, आता धागा मूळ प्रश्नावर आणतो.

आमच्या कंपनीत मध्यंतरी सोलहून आलेले एक साहेब होते. शिस्तीचे, पण जेवताना मोकळे व्हायचे. प्याँगचांगचा विषय निघाला तर एकदम तापले. म्हणाले, माझी पुतणी हॉकी खेळते, आमच्याकडे मुलींना हॉकीची रिंक मिळवायलाच मारामार. यजमान म्हणून आयुष्यात एकदा ऑलिंपिकला थेट प्रवेश मिळाला, तोही वाटून द्यायचा? वरून त्यांचे पंतप्रधान काय बोलले, तर तसाही हा पदकाचा संघ नाही, अशा अर्थाचं. नंतर त्यांना माफी मागावी लागली. साहेबांचं म्हणणं, आमच्या वडिलांच्या पिढीला 'आरिरांग' ऐकलं की रडू येतं, पोरांना नाही येत. पोरांना विचारायचं असतं, माझी जागा का गेली?

मी विचारलं, मग संघ नकोच होता का? त्यावर ते बराच वेळ भात कालवत बसले. म्हणाले, जपानविरुद्ध पहिला गोल झाला तेव्हा मी खुर्चीवरून उठलो होतो.

सुलक्षणा_डोंबिवली

रँडी हीसू ग्रिफिन, गोल तिचा. ती तर अमेरिकेत वाढलेली! सामना १-४ हरले.

काटकोनी_बॅट

अंधेरीचा_एचआर, धन्यवाद, धागा रुळावर आणलात.

तुमच्या साहेबांच्या पुतणीचा राग मला पूर्ण पटतो. फरक कुठे पडला ते सांगतो. चिबाच्या आधी दोन्ही बाजूंचे खेळाडू जपानमध्ये महिनाभर एकत्र राहिले, एकत्र सराव केला. टेबल टेनिसमध्ये जोडी जमायला तेवढा वेळ लागतोच. तुम्ही डावीकडे सरकलात की पार्टनरने कुठून आत यायचं, हे पायांना कळावं लागतं, डोक्याला कळून उपयोग नाही. प्याँगचांगला उत्तरेच्या मुली २५ जानेवारीला आल्या आणि १० फेब्रुवारीला पहिला सामना. आइस हॉकीत ओळी दर मिनिटाला बदलतात, तिथे पंधरा दिवसांत काय कप्पाळ जमणार? प्रशिक्षक सारा मरेनेही सुरुवातीला नाराजी लपवली नव्हती. त्याच वर्षी जकार्ताच्या एशियाडमध्ये संयुक्त संघाने ड्रॅगन बोटीत सुवर्ण आणि महिला बास्केटबॉलमध्ये रौप्य मिळवलं. त्याचे फोटो मात्र फार कोणाला आठवत नाहीत.

आणि सगळ्यात अजब प्रकार स्वीडनमधल्या हाल्मस्टाडचा. मे २०१८, जागतिक सांघिक टेबल टेनिस. महिलांच्या उपांत्यपूर्व फेरीत नेमके उत्तर आणि दक्षिण कोरिया समोरासमोर. सामना झालाच नाही! दोघींनी टेबलापाशी येऊन हात मिळवले आणि जाहीर झालं की पुढे एकच संघ खेळणार. उपांत्य फेरीत जपानने ३-० ने हरवलं, कांस्य मात्र सगळ्यांना मिळालं, कुणाचं नाव कापलं गेलं नाही. ज्या जपानी मुली नियमाप्रमाणे खेळून तिथवर आल्या, त्यांच्यापुढे अचानक दोन संघांचा एक झालेला. हे न्यायाचं होतं का? नव्हतं. पण खेळाडूचं नुकसान न करता दोन झेंडे जोडल्याचं मला माहीत असलेलं हे सगळ्यात जवळचं उदाहरण.

नॉनस्ट्रायकर

आणि आता? किम जोंग उनने तर दक्षिण म्हणजे शत्रू क्रमांक एक म्हणून जाहीरच केलंय, एकीकरण वगैरे विसरा. हांगझोऊच्या एशियाडमध्ये महिला फुटबॉलचा सामना झाला, उत्तरेने ४-१ जिंकला, तर त्यांच्या सरकारी टीव्हीने गुणफलकावर दक्षिण कोरियाचं नाव चक्क 'कळसूत्री बाहुलं' असं दाखवलं. २०१९ ला प्योंगयांगमध्ये विश्वचषक पात्रता सामना झाला तो रिकाम्या स्टेडियमात, थेट प्रक्षेपण नाही, परदेशी पत्रकार नाहीत, ०-०. दक्षिणेचा खेळाडू सोन ह्युंग-मिन परत आल्यावर म्हणाला की कोणी जखमी न होता आलो हेच नशीब.

अर्धवटराव

रिकामं स्टेडियम, प्रक्षेपण नाही, ०-०. आमच्या सोसायटीच्या स्पर्धेला याहून गर्दी असते.

रेंजवरची_आई

नॉनस्ट्रायकर, तरी पॅरिसमध्ये २०२४ ला टेबल टेनिसच्या मिश्र दुहेरीच्या पदक समारंभात दक्षिणेच्या खेळाडूने उत्तरेच्या जोडीला आणि चीनच्या जोडीला घेऊन सेल्फी काढलाच की. तोही तिथे दिलेल्या दक्षिण कोरियाच्याच सॅमसंग फोनवर. उत्तरेच्या दोघांना घरी गेल्यावर त्याचं काय उत्तर द्यावं लागलं असेल, हा विचार मात्र मनातून जात नाही.

फ्लेक्सवाली

एक विचारू? आयर्लंडचं काय? मुलाला रग्बीचं वेड आहे, तो म्हणतो तिथे एकच संघ.

सुलक्षणा_डोंबिवली

बरोबर सांगतोय. रग्बीत उत्तर आयर्लंड आणि प्रजासत्ताक मिळून एक संघ, क्रिकेटमध्येही एक. फुटबॉलमध्ये मात्र दोन. रग्बीसाठी १९९५ पासून 'आयर्लंड्स कॉल' हे वेगळं गीत आहे, म्हणजे उत्तरेच्या खेळाडूला नको ते राष्ट्रगीत म्हणायला लागत नाही. बाँबस्फोटांच्या काळातही संघ फुटला नाही, कारण तो कुठल्या नेत्याने जोडलेला नव्हता. देशाची फाळणी झाली १९२१ ला, रग्बीचा संघ त्याच्या कितीतरी आधीपासूनचा. संघटना एक होती, ती एकच राहिली.

काटकोनी_बॅट

सुलक्षणाताई, मग मी माझं मत बदलत नाही, नेमकं करतो. संघटना खेळाडूंच्या असतील तर एकत्र संघ टिकतो. सरकारने ऐन वेळी चिकटवला तर समारोपाच्या दिवशी सुटतो. आणि बहिष्कारालाही हेच लागू. १९७४ मध्ये टेनिसच्या डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत आपण वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी खेळलो नाही, चषक सोडून दिला. निर्णय मला बरोबर वाटतो. पण अमृतराज बंधूंच्या हातून डेव्हिस चषक निसटला, तो पुन्हा कधी आला नाही. त्यांना त्याची भरपाई कोणी दिली?

ठाणे_जंक्शन

भरपाई हा शब्द आवडला. 'खेळायचं नाही' म्हणून ठरलं तर ज्या पोराची संधी गेली त्याला सरकारने नोकरी, पुढच्या स्पर्धेचा खर्च, प्रशिक्षण द्यावं. २०१९ च्या त्या नेमबाजांना द्यायला हवं होतं. मग मी बहिष्काराच्या बाजूने आणखी मोठ्याने ओरडेन.

रेंजवरची_आई

लेखी द्याल का? मुलीच्या फायलीला लावते.

दिवेचा_पॅव्हेलियन

आणि माळ्यांना पण.